‘कल्प्रिट’ शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी

इंग्रजी न्यायव्यवहारातील ‘कल्प्रिट’ हा शब्द दोषवाचक ‘कुल्पा’ या लॅटिन शब्दापासून सरळ आला, अशी समजूत सहज होते. ती सर्वस्वी चुकीची नसली तरी अपुरी आहे.

नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या न्यायालयांत फ्रेंच भाषा रूढ झाली. १३६२ च्या कायद्याने तोंडी कामकाज इंग्रजीत चालावे असे ठरले, तरी तिचे अवशेष लेखनिकांच्या टिपणांत राहिले. आरोपीने दोष नाकारला की राजपक्षाचा लेखनिक फ्रेंचमध्ये उत्तर देई : ‘दोषी आहे, आमचा आरोप शाबीत करण्यास आम्ही तयार आहोत.’ त्यातील ‘कुल्पाब्ल’ आणि तयारीवाचक ‘प्रेस्त’ किंवा ‘प्रित’ यांची संक्षिप्त खूण ‘कुल. प्रित’ अशी होई. फ्रेंचचे ज्ञान लोपल्यावर ही खूण आरोपीचे संबोधन समजली गेली, हे आज सामान्यतः मान्य असलेले अनुमान होय. १६७८ मध्ये पेम्ब्रोकच्या अर्लवरील खुनाच्या खटल्यात, त्याने दोष नाकारताच, लेखनिकाने त्यास ‘कल्प्रिट’ म्हणून, तुझा न्याय कोणत्या रीतीने व्हावा, असे विचारले.

डॉ. जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात हा शब्द ‘तसे दिसून येवो’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा अपभ्रंश असावा, असे सुचविले. त्यांच्या मते ही आरोपीच्या सुटकेची सदिच्छा होय. कल्पना उदार आहे, पण टिकणारी नाही. सदिच्छेचे वाक्य आरोपीने न्यायाची रीत सांगितल्यानंतर येई. ‘कल्प्रिट’ हा शब्द त्यापूर्वीच्या प्रश्नात येतो. ब्लॅकस्टन यांनी १७६९ मध्ये केलेली ‘दोषी, सिद्ध करण्यास तयार’ ही फोड म्हणूनच अधिक ग्राह्य वाटते.

पुढे ‘कुल्पा’शी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे या शब्दास ‘अपराधी’ हा अर्थ चिकटला. जे केवळ एका पक्षाचे म्हणणे होते, ते निर्णयासारखे भासू लागले. पेम्ब्रोक खुनाबद्दल नव्हे, तर सदोष मनुष्यवधाच्या कमी गुन्ह्याबद्दल दोषी ठरला. संबोधन मात्र निर्णयापूर्वीच झाले होते. मराठी अनुवादकाने हा भेद ध्यानी घ्यावा. जुन्या खटल्यांच्या वृत्तांतात हा शब्द आला असता तेथे ‘आरोपी’ हाच शब्द योजणे युक्त; ‘अपराधी’ म्हटल्यास पुरावा पुढे येण्यापूर्वीच अनुवादकाने निकाल दिल्यासारखे होईल.