भाकितातील साधेपणा : 'कॉम्पास' वादाची चिकित्सा

प्रस्तावना :
दोन उपपत्ती एखाद्या घटनेचा सारखाच उलगडा करीत असतील, तर त्यांतील साधी स्वीकारावी, हे तत्त्व चौदाव्या शतकातील तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम याच्या नावाने ओळखले जाते. न्यायदर्शनातील 'लाघव' ही संकल्पना त्याच्या जवळची आहे. मशीन लर्निंगमध्ये या तत्त्वाचा अर्थ 'साधे ते अधिक अचूक' असा सर्रास घेतला जातो. हा समज तपासणे आवश्यक ठरते.

अभ्यासाचे स्वरूप :
आरोपी पुन्हा गुन्हा करील काय, याचे भाकीत अमेरिकेत 'कॉम्पास' या संगणकप्रणालीद्वारे केले जाते. ज्युलिया ड्रेसेल व हनी फरीद यांनी २०१८ मध्ये फ्लोरिडातील ब्रोवर्ड काउंटीमधील ७,२१४ आरोपींच्या माहितीवर तिची परीक्षा घेतली. तिची अचूकता सुमारे ६५ टक्के आढळली. वय आणि पूर्वीच्या दोषसिद्धींची संख्या या दोनच घटकांवर आधारलेल्या सूत्राची सुमारे ६७ टक्के.

समीक्षा :
हा निष्कर्ष लक्षणीय असला तरी त्याचा अन्वयार्थ सावधपणे लावला पाहिजे. अभ्यासकांनी कॉम्पासच्या १३७ घटकांवर भर दिला. धोक्याच्या गुणांकनासाठी सहाच घटक वापरले जातात, असे उत्तर निर्मात्या कंपनीने दिले. त्यामुळे '१३७ विरुद्ध २' हा विरोध दुबळा होतो. शिवाय अभ्यासकांनी वापरलेली अधिक गुंतागुंतीची पद्धतीही ६५ टक्क्यांच्या आसपासच थांबली. म्हणजे मर्यादा पद्धतीपेक्षा उपलब्ध माहितीत अधिक असावी. याउलट, २०१२ मध्ये चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत सुमारे सहा कोटी चलांचे 'अ‍ॅलेक्सनेट' हे जाळे सरस ठरले होते. तेव्हा साधेपणा हा अचूकतेचा सार्वत्रिक नियम नव्हे.

तो न्याय्यतेचीही हमी देत नाही. पुन्हा गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांना धोकादायक ठरविण्याची चूक श्वेतवर्णीयांच्या तुलनेत अधिक होते, हा दोष साध्या सूत्रातही उरला. कारण या माहितीत 'गुन्हा' म्हणजे प्रत्यक्षात दोन वर्षांतील पुन्हा झालेली अटक होय. पोलिसांची नजर जिकडे अधिक, तिकडे अटकही अधिक.

निष्कर्ष :
कॉम्पासचे सूत्र व्यापारी गुपित असूनही शिक्षा ठरविताना त्याचा मर्यादित वापर विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ग्राह्य धरला. साधेपणाचे खरे मोल येथे स्पष्ट होते. दोन घटकांचे सूत्र चुकले, तर कोठे चुकले हे आरोपीला विचारता येते. बंद पेटीला प्रश्न विचारता येत नाही. अचूकता समान असताना पारदर्शकता नाकारणे समर्थनीय ठरत नाही.