श्रमजीवनाचे चित्रण आणि अभिजात अमेरिकन चित्रपट : सोलापूरच्या संदर्भात

प्रस्तावना :
अभिजात अमेरिकन चित्रपटांची शिफारस करताना सामान्यतः मान्यवर याद्यांचा आधार घेतला जातो. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या १९९८ च्या यादीत ‘सिटिझन केन’ (१९४१) अग्रस्थानी होता. अशा याद्या कलाकृतीचा दर्जा सांगतात. ती कोणत्या प्रेक्षकाला अधिक जवळची वाटेल, हे सांगत नाहीत. सोलापूर हे कापडगिरण्या, यंत्रमाग आणि विडी व्यवसाय यांवर वाढलेले शहर आहे. येथील महाविद्यालयांत यंत्रमाग व विडी कामगारांची मुले शिकतात. त्या दृष्टीने प्रस्तुत लेखात तीन चित्रपटांचा विचार केला आहे.

१) ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) :
बोलपट रूढ झाल्यानंतरही चार्ली चॅप्लिन यांनी हा चित्रपट प्रामुख्याने मूक ठेवला. काम न थांबवता कामगाराला जेवण भरवणारे यंत्र हा त्यातील केवळ विनोद नाही. जेवणाच्या सुटीवरही मालकाने सांगितलेला तो हक्क आहे. अखेरीस नायक गातो, परंतु त्या गाण्याचे शब्द कोणत्याच भाषेतील नाहीत. अर्थ हावभावांतून पोहोचतो. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणाऱ्या शहराला त्यासाठी अनुवादाची गरज भासत नाही.

२) ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ (१९४०) :
जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ च्या कादंबरीवर जॉन फोर्ड यांनी हा चित्रपट दिग्दर्शित केला. जमिनीवरून हुसकावला जाणारा कूळ बंदूक घेऊन उभा राहतो. पण गोळी कोणावर झाडावी, हे त्याला उमगत नाही, कारण प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो. दुष्काळ आणि स्थलांतर परिचयाचे असलेल्या जिल्ह्यात हा प्रसंग परका वाटत नाही. मात्र मूळ कादंबरीचा दाहक शेवट टाळून चित्रपट आश्वासक सुरात संपतो, ही त्याची मर्यादा होय.

३) ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’ (१९५४) :
वरील दोन्ही चित्रपटांत स्त्री ही कामगार म्हणून केंद्रस्थानी नाही. हर्बर्ट बिबरमन यांच्या या चित्रपटात न्यू मेक्सिकोतील खाणकामगारांना न्यायालयाची मनाई होताच त्यांच्या बायका संपाची आघाडी सांभाळतात. घरात पाण्याची सोय हवी, ही त्यांची मागणी पुरुषांनी आधी गौण मानलेली असते. सोलापुरात विडी वळणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि कुंभारी येथील त्यांची वसाहत घरांच्या मागणीसाठी झालेल्या दीर्घ लढ्यातून उभी राहिली. त्यामुळे घर हाही कामगार चळवळीचाच प्रश्न आहे, हे या चित्रपटाचे प्रतिपादन येथे विशेष अर्थपूर्ण ठरते. कलादृष्ट्या तो पहिल्या दोहोंइतका सफाईदार नाही. तथापि आशयाच्या दृष्टीने तो अधिक धीट आहे.

समारोप :
हे चित्रपट केवळ इंग्रजी विभागापुरते मर्यादित न ठेवता समाजशास्त्र, अर्थशास्त्र व मराठीच्या अध्यापनातही दाखवले जावेत. एकच निवडावयाचा झाल्यास ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’ला प्राधान्य द्यावे. आपल्या आईचे श्रम हा कलेचा विषय होऊ शकतो, ही जाणीव विद्यार्थ्याला कोणत्याही यादीतून मिळणार नाही.