बीजशब्दांची चाळणी : संगणकीय छाननी आणि पदवीधराचा बायोडाटा – एक चिकित्सा

सारांश : नोकरीच्या अर्जांची संगणकीय छाननी होऊ लागल्यापासून 'जाहिरातीतील शब्द बायोडाटात घाला' हा सल्ला सर्रास दिला जातो. प्रस्तुत लेखात या सल्ल्याची चिकित्सा करून त्यातील ग्राह्य व त्याज्य भाग वेगळे केले आहेत.

बीजशब्द : बायोडाटा, संगणकीय छाननी, नई तालीम, पदवीधर, रोजगार

१. प्रस्तावना

वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारा विचार मांडला. पुढे तो 'नई तालीम' म्हणून ओळखला गेला. विद्यार्थ्याची पारख त्याच्या कृतीतून व्हावी, हे त्यात अभिप्रेत होते. त्याच वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघे येथील पदवीधर आज पुण्याच्या वा बेंगळुरूच्या कंपनीकडे अर्ज करतो, तेव्हा त्याची पहिली पारख होते ती शब्दांवरून; आणि ती करणारा पुष्कळदा संगणक असतो.

२. छाननीचे स्वरूप

अर्ज-व्यवस्थापनाची प्रणाली बायोडाटातील मजकूर उचलून नाव, शिक्षण, अनुभव, कौशल्ये अशा रकान्यांत मांडते. त्यानंतर भरती करणारा अधिकारी हवे ते शब्द टाकून शोध घेतो किंवा प्रणालीच अर्जांना क्रम लावते. म्हणजे बहुतेक अर्ज 'नाकारले' जात नाहीत. ते यादीत इतके खाली जातात की कोणी पाहतच नाही. शंभरातील पंचाहत्तर अर्ज यंत्रच फेटाळते, या वारंवार सांगितल्या जाणाऱ्या विधानाला पडताळता येईल असा आधार नाही. ते वर्गात सांगून विद्यार्थ्यांना घाबरवणे योग्य नव्हे.

३. अनुभव आणि त्याचे नाव

खरी अडचण नावांची आहे. 'एम.एस.-सी.आय.टी.' म्हणजे काय हे महाराष्ट्रात सांगावे लागत नाही. परंतु 'स्प्रेडशीट' वा 'वर्ड प्रोसेसिंग' शोधणाऱ्या प्रणालीला त्या आद्याक्षरांतून काहीच बोध होत नाही. १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झाले. संक्षेप, जुने नाव आणि पूर्ण नाव ही तिन्ही एकच, हे प्रत्येक प्रणाली जाणेलच असे नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधील मराठी मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरेच असतात. स्कॅन करून जोडलेला बायोडाटा तर अनेकदा केवळ चित्र ठरतो. येथे उमेदवार अपात्र नसतो, तो वाचलाच जात नाही.

४. सल्ल्याची मर्यादा

सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) या कादंबरीतील उच्चशिक्षित एकनाथाला नोकरीचे दार पैशाअभावी बंद असते. ते दार अन्यायाचे असले तरी कोणी बंद केले हे त्याला ठाऊक असते. संगणकीय चाळणीतून गळलेल्या उमेदवाराला एवढेही कळत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल व ॲक्सेंचर यांच्या २०२१ च्या अहवालात ८८ टक्के नियोक्त्यांनी मान्य केले की, ठरावीक निकषांशी तंतोतंत न जुळल्यामुळे पात्र, उच्च कौशल्याचे उमेदवारही गाळले जातात. ॲमेझॉनच्या प्रायोगिक प्रणालीने 'महिलांचा' हा शब्द असलेल्या अर्जांना कमी गुण दिल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. जुने अर्ज प्रामुख्याने पुरुषांचे होते आणि यंत्र त्यांवरूनच शिकले होते. अशा दोषांवर 'शब्द वाढवा' हा उपाय होऊ शकत नाही.

शिवाय हा सल्ला शब्दांच्या भरताडाकडे नेतो. काही जण पांढऱ्या अक्षरांत, डोळ्यांना न दिसणारे शब्द पेरतात. मजकूर रकान्यांत उचलला गेला की ते उघडे पडतात. आणि न केलेल्या कामाचा शब्द मुलाखतीतील पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

५. निष्कर्ष

केलेल्या कामाला नियोक्त्याच्या परिभाषेत नाव देणे हे भाषांतर होय. न केलेल्या कामाला नाव देणे ही लबाडी होय. ही सीमारेषा शिकविणे महाविद्यालयाचे काम आहे. त्यासाठी अंतिम वर्षाच्या वर्गात एक साधा स्वाध्याय घेता येईल. विद्यार्थ्याने एका जाहिरातीतील महत्त्वाचे शब्द वेगळे काढावेत आणि प्रत्येकासमोर स्वतः केलेले एक काम लिहावे. ज्या शब्दासमोर काम नाही तो गाळावा. ज्या कामाला शब्द नाही त्याचे नाव शिक्षकाच्या मदतीने शोधावे. घरच्या किराणा दुकानाची उधारीची वही सांभाळणाऱ्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला आपण 'येणी-वसुली' व 'हिशेब-जुळणी' करतो, हे तेव्हाच उमगेल.

तथापि सारा भार उमेदवारावर टाकणे न्याय्य नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायद्याने भरतीतील अशा प्रणालींना अधिक जोखमीच्या वर्गात घातले आहे. गाळलेल्या अर्जांपैकी काही तरी माणसाने वाचावेत, एवढी अपेक्षा आपल्याकडील नियोक्त्यांकडूनही, विशेषतः परिसर मुलाखतींसाठी येणाऱ्यांकडून, महाविद्यालयांनी स्पष्टपणे करावी. कृतीला महत्त्व देण्याची वर्ध्याची परंपरा त्यामुळे काही अंशी तरी टिकेल.