चेंडू काखेत मारून निघालेला युसेबियो

पोर्तुगालचा फुटबॉलपटू युसेबियो याच्या जुन्या चित्रफिती बघताना चेंडू जाळ्यात गेला की मी फीत थांबवत नाही. मला तो खरा भेटतो तो त्यापुढच्या चार-पाच सेकंदांत.

23 जुलै 1966. लिव्हरपूलचं गुडिसन पार्क, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी. पंचवीस मिनिटांत उत्तर कोरियाने पोर्तुगालवर तीन गोल चढवलेत. 27व्या मिनिटाला युसेबियो एक फेडतो. ना उडी, ना मिठ्या. जाळ्यातला चेंडू उचलतो, काखेत मारतो आणि मध्यरेषेकडे पळत सुटतो. पाण्याची पाळी चुकू नये म्हणून माणूस रानाकडे निघतो ना, तसा. मध्यंतराआधी पेनल्टीवर दुसरा, मध्यंतरानंतर तिसरा. चौथ्याचं सौंदर्य आणखी वेगळं. डाव्या बगलेने तो असा सुसाट सुटतो की गोलपाशी त्याला पाडण्यावाचून कोरियनांना इलाज उरत नाही. मार लागलेला युसेबियो उठतो आणि ती पेनल्टी स्वतःच मारतो. सामना 5-3. पाचातले चार त्याचे.

बाकी आकडे झरझर सांगतो. त्या स्पर्धेत सर्वाधिक 9 गोल, देशासाठी 64 सामन्यांत 41, आणि 1965चा बॅलन डी'ओर. 1962च्या युरोपियन कप अंतिम सामन्यात त्याच्या बेनफिका क्लबने रेआल माद्रिदला हरवलं, त्यात दोन गोल याचे. वय वीस! जन्म मोझांबिकचा, लोरेन्सो मार्क्सचा, म्हणजे आजच्या मापुतोचा. ज्या पोर्तुगीज साम्राज्यातून 1961 साली आपला गोवा सुटला, त्याच साम्राज्याच्या वसाहतीतलं हे पोर 1960च्या अखेरीस लिस्बनला उतरलं होतं.

वर्तमानपत्रांनी त्याला ‘काळा बिबट्या’ म्हटलं. ते नाव मला अपुरं वाटतं. 29 मे 1968, वेम्बली, युरोपियन कपचा अंतिम सामना. मँचेस्टर युनायटेडशी 1-1 बरोबरी, वेळ संपत आलेली. युसेबियो एकटा गोलरक्षक अ‍ॅलेक्स स्टेपनीसमोर येतो आणि जीव खाऊन फटका मारतो. स्टेपनी तो छातीशी धरतो. कप हातचा निसटला, हे तेव्हाच कळावं असा तो क्षण. आणि युसेबियो काय करतो? स्टेपनीची पाठ थोपटतो, टाळ्या वाजवतो. जादा वेळेत बेनफिका 4-1ने हरली. त्या टाळ्या मात्र मला त्याच्या कुठल्याही गोलाइतक्याच मोलाच्या वाटतात. बिबट्यात ही अदब कुठली?

प्रतिस्पर्ध्यांच्या गावांतही लोकांनी त्याला आपला मानलं, ते मला वाटतं यामुळेच. तो 5 जानेवारी 2014 रोजी गेला. पोर्तुगालने तीन दिवस दुखवटा पाळला. त्याची शवपेटी बेनफिकाच्या लूझ स्टेडियममधून फिरवली, तशी त्याचीच इच्छा होती. आठवड्याभराने त्याच मैदानावर बेनफिका पोर्तोविरुद्ध उतरली, तेव्हा संघातल्या प्रत्येकाच्या पाठीवर एकच नाव होतं : युसेबियो. तो सामना बेनफिकाने 2-0 जिंकला.