हायब्रिड टॉवर: मोजायचं काय?

आता मूळ आदेशाकडेच येतो, कारण माझा वाद त्याच्याशी आहे. जानेवारी २०१२ मध्ये दूरसंचार विभागाने सांगितलं की २०१५ पर्यंत ग्रामीण भागातले निदान ५० टक्के आणि शहरी भागातले २० टक्के मोबाइल टॉवर हायब्रिड विजेवर चालले पाहिजेत. २०२० पर्यंत ७५ आणि ३३ टक्के. हेतू चांगलाच होता, डिझेल कमी करायचं होतं. पण हायब्रिड म्हणजे काय? तर अक्षय ऊर्जा अधिक ग्रिडची वीज. म्हणजे ज्या टॉवरला ग्रिडच नाही, तो या व्याख्येत बसतच नाही! शिवाय टक्केवारी टॉवरांची आहे, युनिटांची नाही.

अशा दुर्गम टॉवरसाठी मग दुसरं हायब्रिड पुढे केलं जातं: सौर पॅनल आणि छोटी पवनचक्की. दिवसा ऊन, रात्री वारा. चित्रात फार छान दिसतं. पण वारा काही रात्रपाळी लावून घेत नाही. (हशा)

हिशोब करू या. उपकरणांना सतत दीड किलोवॉट लागतात असं धरा. दिवसाचे झाले ३६ युनिट. एक किलोवॉटचं पॅनल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने रोज चारेक युनिट देतं, म्हणजे कागदावर नऊ किलोवॉट पुरतात. टॉवर मात्र सरासरीवर चालत नाही. जुलैत ढग आठवडाभर हलत नाहीत, तेव्हा तेच पॅनल निम्म्यावर येतं, कधी त्याच्याही खाली. तीन दिवसांची बेगमी म्हणजे १०८ युनिट. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही म्हटलं, तर २१६ युनिटांची बॅटरी हवी. ४८ व्होल्टवर साडेचार हजार ॲम्पिअर-अवर! ती डोंगरावर चढवणार कोण?

आता साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार घ्या. तिथे वारा जोर धरतो तो नेमका पावसाळ्यात, ऊन नसतं तेव्हा. तिथे ही जोडी जमते, आणि तिचं कौतुक मी मोकळ्या मनाने करतो.

पण तोच आराखडा उचलून भामरागडला नेलात तर? तिथे जंगल, वारा मंद. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग निम्मा झाला की हाती आठवा हिस्सा. पर्लकोटेला पूर आला की गावाचा रस्ता तुटतो, डिझेल पोचत नाही, आणि नेमका तेव्हाच १०८ ला फोन लागायला हवा असतो. अशा ठिकाणी पवनचक्की म्हणजे बिघडणारं आणखी एक यंत्र. तो पैसा जादा पॅनलमध्ये आणि लिथियम बॅटरीत घाला. आणि हो, जनरेटर काढू नका. जूनच्या आधी डिझेल भरून ठेवा. हरित ऊर्जेच्या व्यासपीठावर हे बोलायला मला संकोच वाटत नाही.

कुठल्याही प्रकल्पाच्या अहवालात मी आधी एकच रकाना शोधतो: जुलै-ऑगस्टमध्ये टॉवर किती तास बंद होता? वाचवलेल्या डिझेलचे लिटर त्यानंतर बघू.