बिवा, ओवी आणि छापखाना

जपानच्या अभिजात साहित्यातील संगीत हा विषय एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने संशोधनासाठी निवडला, तर आपल्यापैकी बहुतेकांना तो फार दूरचा वाटेल. धर्मग्रामातील कुटुंबांना त्याच्याशी काय कर्तव्य, असेही कोणी विचारील. परंतु या विद्यार्थ्याच्या मागोमाग थोडे चालत गेले की त्याची वाट नागासाकीहून गोव्याला येते आणि आपल्या ख्रिस्तपुराणाच्या उंबरठ्याशी पोहोचते. म्हणून वाचकांनी प्रथम थोडा धीर धरावा.

या अभ्यासकाला आरंभी भेटतो तो ‘गेंजी मोनोगातारी’ हा ग्रंथ. मुरासाकी शिकिबू या दरबारी स्त्रीने अकराव्या शतकाच्या आरंभी तो लिहिला. त्यात एक प्रसंग असा आहे की, गेंजीच्या घरातील चार स्त्रिया एका रात्री चार वेगवेगळी तंतुवाद्ये वाजवतात आणि लेखिका प्रत्येकीच्या बोटांतून तिचा स्वभाव उकलून दाखवते. त्याहून जुन्या ‘उत्सुहो मोनोगातारी’त तर सात तारांच्या किन या वाद्याची विद्या एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कशी उतरते, हाच कथेचा कणा आहे. या दोन्ही ठिकाणी संगीत कथेच्या आत आहे. वाचक ते कल्पनेने ऐकतो, पुस्तक मात्र मुके असते.

‘हेइके मोनोगातारी’ची गोष्ट निराळी. येथे कथाच संगीताच्या आत आहे. ताइरा घराण्याचा ११८५ साली दान-नो-उरा येथील सागरी लढाईत विनाश झाला, त्याची ही गाथा. भिक्षूचा वेष केलेले आंधळे गायक बिवा हे चार तारांचे वाद्य घेऊन ती गावोगाव गात. त्यांना बिवा-होशी म्हणत. काकुइची नावाच्या अशाच एका अंध गायकाने १३७१ मध्ये शिष्याकडून ती लिहवून घेतली, आणि आज जगभर वाचली जाणारी प्रत मुख्यतः हीच. या गायनात शब्द आणि तार एकाच वेळी धावत नाहीत. गायक एक चरण गातो, थांबतो, मग बिवा बोलते. साधे निवेदन, रणधुमाळी, करुण वा रम्य प्रसंग यांसाठी चालींचे निरनिराळे साचे ठरलेले आहेत. कोवळ्या वयाच्या आत्सुमोरीला कुमागाई नाइलाजाने ठार करतो आणि मग त्याच्याजवळ त्याला बासरी सापडते, हा प्रसंग छापील पानावरही डोळे ओले करतो. परंतु कागदावर तो तीन-चार मिनिटांत संपतो. गायक तेथे श्रोत्याला किती वेळ थांबवून ठेवतो, हे कागद सांगत नाही. याच ग्रंथात ताइरा घराण्यातला त्सुनेमासा हा तरुण चिकुबू बेटावर बेन्झाइतेन देवतेसमोर बिवा वाजवतो. ही बेन्झाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेली आपली सरस्वती.

आता आपल्या घरची गोष्ट. संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५५१ साली यामागुची येथे ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांत एक बिवा-होशी होता. एक डोळा गेलेला, दुसऱ्याने अंधूक दिसणारे. त्याचे नाव लोरेन्सो ठेवले गेले. हाच पुढे १५६३ मध्ये येशूसंघाचा पहिला जपानी ब्रदर झाला. ओडा नोबुनागासमोर बौद्ध पंडिताशी वाद करण्यास तो उभा राहिला, आणि ताकायामा घराणे श्रद्धेत आले त्यात त्याचा वाटा मोठा. परदेशी फादरांची जपानी भाषा अडखळत असताना या माणसाजवळ काय होते? हजारो ओळी तोंडपाठ धरण्याची शक्ती, आणि श्रोत्याला कोठे थांबवावे याची जाण. बिवेवर ज्याचा गळा घडला होता त्या गळ्यातून सुवार्ता गेली, असे मी म्हणेन.

लोरेन्सो १५९२ च्या आरंभी मरण पावला. त्याच वर्षी आमाकुसा येथील येशूसंघीय विद्यालयात हेइकेची एक नवी प्रत सिद्ध झाली. ज्या छापखान्यावर ती छापली तो युरोपला गेलेल्या जपानी तरुणांच्या शिष्टमंडळाबरोबर गोव्यामार्गे आलेला. गोव्यात १५८८ मध्ये त्यावर त्या तरुणांपैकी हारा मार्तिन्हो याचे लॅटिन भाषण छापले गेले होते. आमाकुसाची प्रत रोमन लिपीत आहे. फाबियान या जपानी ब्रदरने जुनी भाषा बोलीत उतरवून, फादरांना जपानची भाषा व इतिहास कळावा म्हणून ती रचली. रचना संवादाची आहे. एकजण विचारतो, आणि किइची केनग्यो सांगतो. केनग्यो ही अंध वादकांतील सर्वोच्च पदवी. म्हणजे बिवा-होशी पुस्तकात बसलेला आहे, पण त्याच्या मांडीवरची बिवा काढून घेतलेली आहे. सोळाव्या शतकातील बोली कशी होती हे सांगणारा हा अमोल दस्तऐवज आहे, भाषाशास्त्रज्ञ त्याचे ऋणी आहेत. त्याचा हेतू व्याकरणाचा होता आणि तो सफल झाला. तरीही साहित्यकृती म्हणून पाहिले तर तो हेइकेचा सांगाडा आहे.

त्याच दशकांत, त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स साष्टीत होते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज माणसासमोर प्रश्न उलट बाजूने आला. जुनी पुराणे हातातून गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्या जागी काय द्यावे? ग्रंथाच्या प्रारंभीच एक ब्राह्मण पाद्रीगुरूपुढे हे मागणे मांडतो. येथेही एक विचारणारा, एक सांगणारा, आणि १६१६ ची राचोलची छपाईही रोमन लिपीतच. देवनागरी अक्षरांचे ठसे मिळावेत अशी त्यांची मनीषा होती, ती पुरी झाली नाही. पण स्टीफन्स यांनी सुवार्ता ओवीत घातली. बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’ सांगतो की महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात. म्हणजे जे गळ्यात आधीच होते तेच त्यांनी उचलले. आमाकुसाने गाणे काढून भाषा दिली. राचोलने भाषा देताना गाणे राखले.

याचा अर्थ सुमारे अकरा हजार ओव्या सगळ्याच गातात असा नव्हे. वंशावळी आणि सिद्धान्तांची उकल जेथे येते तेथे ओवी मात्रा मोजत चालते, तिला सूर सापडत नाही. येशूजन्माला आणि प्रभूच्या दुःखसहनाला येताच मात्र तिचा चौथा, आखूड चरण श्वास टाकल्यासारखा पडतो. तो डोळ्यांनी वाचला तर अपुरा वाटतो, मोठ्याने म्हटला तर पुरा होतो. ज्या समीक्षकांनी हा ग्रंथ भाषेचा नमुना म्हणूनच तपासला त्यांच्या हातून हे निसटले, असे माझे मत आहे. आपल्या समारंभांतही मराठीच्या स्तुतीच्या त्या ठरावीक ओव्या उद्धृत होतात, टाळ्या पडतात आणि पुस्तक मिटते. मिस्सेत मग सिनेगीतांच्या वळणाच्या चाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक संविधानाच्या ११९ व्या कलमात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावे असे म्हटले होते, हे आपल्या गायनमंडळांनी कधीतरी वाचावे.

जपानमध्ये १६१४ नंतर फादर हाकलले गेले, पुस्तके नष्ट झाली. आमाकुसाच्या हेइकेची एकच प्रत आज लंडनमध्ये उरली आहे. पण इकित्सुकी बेटावरच्या लपलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी लॅटिन स्तोत्रे अर्थ न कळताही गात ठेवली. पवित्र मरियेच्या स्तवनाचे ‘ओ ग्लोरिओझा’ तेथे ‘गुरुरियोझा’ झाले. मिनागावा तात्सुओ या संगीत-अभ्यासकाने त्याचा माग थेट सोळाव्या शतकातील स्पेनपर्यंत नेला. हेइकेची गायकी टिकली, त्यामागे ओगिनो केनग्यो यांनी १७७६ मध्ये सिद्ध केलेली चालींची संहिता आहे. आपल्याकडे १६८४ च्या फर्मानाने गोव्यात देशी भाषांवर घाला पडला आणि ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत हाती लागलेली नाही. मंगळूरकडील हस्तलिखितांवरून १९०७ ची आवृत्ती निघाली, १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी ती देवनागरीत आणली. ओव्या आल्या, चाल कोणी लिहून ठेवली नाही.

तेव्हा संशोधन करू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी जपानपर्यंत जावेच, पण जाताना बंडेलूंची आवृत्ती सोबत न्यावी. उपवासकाळात दुःखसहनाच्या पन्नास ओव्या घेऊन म्हणून पाहाव्यात. आमच्या उंद्रीकडच्या बाया जात्यावर ज्या चालीने म्हणत, ती येथे पुरी पडत नाही. जात्यावरची ओवी आणि ग्रंथातली ओवी यांची मापे वेगळी. पोथी लावणाऱ्याची चाल मात्र चपखल बसते, आणि ती या भागात श्रावणात अजून ऐकू येते.