शोधयंत्रानुकूल संकेतस्थळांचे भवितव्य आणि मराठी : जुना जालन्याच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रास्ताविक

शोधयंत्राच्या यादीत आपले संकेतस्थळ वर यावे यासाठी मजकूर, शीर्षके, दुवे आणि पृष्ठरचना यांची जी जुळवाजुळव केली जाते, तिला ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ अशी संज्ञा आहे. या व्यवसायाचे भवितव्य काय, हा प्रश्न अलीकडे वारंवार उपस्थित केला जातो. त्याचे कारणही स्पष्ट आहे. गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात, इंग्रजी व हिंदी भाषांत, शोधयादीच्या माथ्यावर यंत्रनिर्मित उत्तर देण्यास प्रारंभ केला. उत्तर तेथेच मिळाल्यावर मूळ पृष्ठ उघडण्याचे प्रयोजन उरत नाही. सबब ही विद्या कालबाह्य होणार, असे भाकीत केले जाते. इंग्रजीच्या संदर्भात त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मराठीपुरते पाहिले असता मात्र, जे संपणार म्हणून सांगितले जाते ते मराठीत धडपणे सुरूच झालेले नाही, असे दिसते.

ग्रामनाम आणि सामान्यरूप

कुंडलिका नदीमुळे जालना शहराचे जुना जालना आणि नवा जालना असे दोन भाग पडले आहेत. ‘जुना जालना’ हे नाव शोधयंत्राच्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. मराठी वाक्यात ते या रूपात फारसे टिकतच नाही. ‘जुन्या जालन्यात’, ‘जालन्याहून’, ‘जालनेकरांना’ अशी रूपे होताना प्रत्यय तर लागतोच, शिवाय सामान्यरूपामुळे मूळ शब्दाची अक्षरेही बदलतात. ‘ना’चा ‘न्या’ होतो आणि केवळ अक्षरसाम्य पाहणाऱ्या यंत्राला तो निराळाच शब्द वाटतो. रोमन लिपीत टंकलेखन करणाऱ्याची अडचण आणखी वेगळी आहे. रोमनमध्ये ‘जालना’ आणि हिंदीतील ‘जलना’ हे क्रियापद एकसारखेच लिहिले जाते. गाव शोधणाऱ्यापुढे मत्सरावरील सुभाषिते येऊ शकतात.

संकेतविषयक घोळ याहून सूक्ष्म आहे. ‘जाणाऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्या’ संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारे साठवता येतो. बियाण्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात ‘ॲग्रो’ हा शब्द पाट्यापाट्यांवर दिसतो. त्यातील ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. तत्पूर्वीच्या आणि नंतरच्या मजकुरात डोळ्यांना एकच दिसणारा शब्द यंत्राला दोन शब्द वाटू शकतो. ऑप्टिमायझेशनची जी पाठ्यपुस्तकी सूत्रे इंग्रजीतून घेतली जातात, त्यांत यांपैकी कशाचाही विचार नाही. मुख्य शब्द शीर्षकात घाला, तो मजकुरात अमुक वेळा आणा, असे ती सांगतात; विभक्तीने बदलणाऱ्या भाषेत मुख्य शब्द म्हणजे नेमके कोणते रूप, हे सांगत नाहीत.

डिसेंबर २०१९ मध्ये गूगलने ‘बर्ट’ ही भाषिक प्रणाली मराठीसह सत्तराहून अधिक भाषांना लागू केली. त्यामुळे शब्दरूपांचा अडसर काहीसा कमी झाला, हे मान्य करावयास हवे. परंतु त्याच कारणाने शब्दांची पुनरावृत्ती करण्याची युक्तीही निरुपयोगी ठरत चालली. पृष्ठाच्या अंतरंगात मुख्य शब्दांची यादी देण्याची पद्धत तर गूगलने आपण विचारात घेत नसल्याचे २००९ मध्येच जाहीर केले होते.

टंकांचा वारसा

महाविद्यालयांच्या दृष्टीने खरा प्रश्न येथे सुरू होतो. देवनागरीचा समावेश युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. तरीही महाविद्यालयीन नियतकालिके, स्मरणिका आणि चर्चासत्रांची इतिवृत्ते पुढे कितीतरी वर्षे कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व टंकांत जुळवली गेली. कृतिदेवमध्ये ‘जालना’ हा शब्द प्रत्यक्षात टी, के, वाय, यू, के या पाच रोमन अक्षरांच्या रूपाने साठवला जातो. टंकाच्या मुखवट्यामुळे तो देवनागरी दिसतो इतकेच. अशी पीडीएफ धारिका संकेतस्थळावर चढवली की वाचकाला मराठी लेख दिसतो आणि शोधयंत्राला निरर्थक रोमन अक्षरांची रांग. याबाबतीत छायांकित प्रत एक वेळ बरी. तिच्यावर अक्षरओळखीची प्रक्रिया होण्याची शक्यता तरी असते. नॅकच्या निमित्ताने महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर कागदपत्रांचे ढीग चढले, पण त्यांतील अध्ययनाचा भाग कोणाला सापडावा अशी व्यवस्था क्वचितच झाली.

जुन्या मजकुरात नावांचाही प्रश्न आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या लेखनात हे गाव औरंगाबाद जिल्ह्यात आढळते. त्या शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. त्यामुळे एकाच स्थळाविषयीचे लेखन तीन पत्त्यांखाली विखुरलेले राहते.

भरताडाचा प्रश्न

अभ्यासपूर्ण मजकूर यंत्राला अदृश्य असताना ती पोकळी कोणी भरली, हे मराठी वाचक जाणतो. ‘नमस्कार मित्रांनो, आजच्या लेखात आपण संपूर्ण माहिती पाहणार आहोत’ या साच्यातील पृष्ठे विपुल झाली. त्यांत शीर्षक चार वेळा येते, प्रश्नोत्तरांचा तक्ता असतो, आणि आनंदीस्वामी मंदिर जुन्या जालन्यात आहे एवढ्यापलीकडे त्या मंदिराविषयी काही नसते. मार्च २०२४ मध्ये गूगलने अशा घाऊक मजकुराविरुद्ध धोरण जाहीर केले. तथापि मराठीत तुलनेसाठी दुसरे पृष्ठच उपलब्ध नसेल, तर गाळून उरणार काय? उत्तर रचणारे यंत्र जे वाचता येते त्यावरच विसंबते. गावाविषयी वाचता येण्याजोगे भरताडच असेल, तर यंत्राच्या आत्मविश्वासपूर्ण भाषेत तेच परत मिळेल, आणि त्याचा उगमही झाकला जाईल.

येथे एक आक्षेप संभवतो. मजकूर वाचनीय करून दिला तरी वाचक मूळ स्थळी येणार नाही. मग हा खटाटोप कोणासाठी? जाहिरातीवर चालणाऱ्या मराठी प्रकाशनांच्या बाबतीत हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला ऑप्टिमायझेशनजवळ उत्तर नाही. महाविद्यालयाची गोष्ट निराळी आहे. त्याचे उत्पन्न भेटींच्या संख्येवर अवलंबून नसते. आपल्या परिसराविषयीचे ज्ञान नावानिशी सापडावे, एवढाच त्याचा स्वार्थ. वाईहून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी महाजालावर शोधता येण्याजोग्या स्वरूपात आल्या, तेव्हा छापील विद्वत्तेचे असे रूपांतर शक्य आहे हे दिसून आले.

जुने अंक युनिकोडमध्ये आणण्यासाठी परिवर्तक उपलब्ध आहेत. ते जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटीच्या जागी हमखास चुकतात. म्हणून हे काम संगणक कक्षावर सोपवून भागणारे नाही. ओळीओळीने मुद्रिते तपासणे, प्रत्येक लेखाला स्वतंत्र पृष्ठ व नेमके शीर्षक देणे, जुनी-नवी स्थलनामे शेजारीशेजारी नोंदवणे, ही कामे मराठी आणि इतिहास विभागांच्या वाट्याची आहेत, आणि कोणत्याही वेळापत्रकात त्यांच्यासाठी तासिका राखून ठेवलेली नाही.